एमडी५ ‘फुटलं’ म्हणजे नेमकं काय फुटलं?

परभणीहून एका भावाने विचारलं आहे. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं स्कॅन करून घेतली, एकूण ९४ हजार फायली. ठेकेदाराने दोन हार्डडिस्क दिल्या आणि सोबत एक यादी दिली: प्रत्येक फाईलचं नाव आणि त्यापुढे तिचा एमडी५ हॅश. हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक अक्षरांचा ठसा, आणि एमडी५ ही तो काढायची एक जुनी पद्धत. पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीत आला, यादी बघून म्हणाला, ‘मामा, एमडी५ कधीच फुटलंय, या यादीला रद्दीचाही भाव नाही.’ ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, ‘साहेब, कामून टेन्शन घेता, जगात सगळे हेच वापरतात. फारच वाटत असेल तर शा-१ची पण यादी देतो, दोन्ही ठेवा.’ (शा-१ ही हॅश काढायची आणखी एक पद्धत.) आता प्रश्न असा, की सगळं परत करायचं का, आणि कुणाचं खरं मानायचं.

दोघांचंही अर्धंअर्धं खरं आहे. मी छत्रपती संभाजीनगरात वीसेक वर्षं हेच काम करतोय. जुना डेटा इकडून तिकडे न्यायचा आणि नेताना काही हरवलं नाही, बदललं नाही, हे दाखवून द्यायचं. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी शेकड्याने ऐकली आहेत. ‘फुटलंय’ म्हणणाऱ्याला विचारावं, बाबा, नेमकं काय फुटलंय? तिथे बहुतेक जण अडखळतात.

तुमचा खरा प्रश्न एमडी५ चांगलं की वाईट हा नाहीच. तुम्हाला भीती कुणाची आहे, हा आहे. हार्डडिस्क खराब होण्याची? चार वर्षांनी कुणी येऊन एखादं पान बदलेल याची? की खुद्द ज्याने फायली बनवल्या त्याचीच? या तिघांना एमडी५कडून मिळणारी उत्तरं वेगवेगळी आहेत.

हॅशकडून आपण तीन गोष्टी मागतो. पहिली, नुसत्या हॅशवरून मूळ मजकूर काढता येऊ नये. दुसरी, तुमची एक फाईल आणि तिचा हॅश समोर असताना, तोच हॅश येणारी दुसरी फाईल कुणाला बनवता येऊ नये. तिसरी, कोणत्याही दोन वेगळ्या फायली, आपल्या मर्जीने दोन्ही घडवून, एकाच हॅशच्या करता येऊ नयेत. अशा जुळणाऱ्या जोडीला कोलिजन म्हणतात. या तीन मागण्या म्हणजे तीन कुलपं समजा. एमडी५चं कुलूप तुटलंय ते हे तिसरं. पहिल्या दोन कुलपांवर कागदावर ओरखडे आहेत, पण मूळ मजकूर उलटा शोधायचा सगळ्यात चांगला माहीत असलेला मार्गसुद्धा २चा १२३वा घात इतका लांब आहे. म्हणजे आज कुणाच्याही आवाक्यात नाही.

गंमत म्हणजे आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, कलम ३च्या स्पष्टीकरणात, हॅश फंक्शनची जी व्याख्या आहे तिच्यातही या मागण्या वेगळ्या काढून सांगितल्या आहेत. हॅशवरून मूळ नोंद परत उभी करता येऊ नये, आणि दोन नोंदींचा हॅश एकच येऊ नये. त्यातल्या दुसऱ्या अटीत एमडी५ आज बसत नाही.

आता तिसरं कुलूपच सगळ्यांत आधी का तुटतं, ते बघा. वर्गात २३ पोरं असतील तर कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ऐकणाऱ्याला पटत नाही, कारण तो ‘माझ्या’ वाढदिवसाशी कुणाचा जुळतो ते मोजतो. पण २३ पोरांच्या जोड्या होतात २५३, आणि त्यातली कोणतीही एक जोडी जुळली तरी चालतं. तुमची रजिस्टरं उघडलीत तर हे गणित लगेच कोलमडेल म्हणा, कारण आपल्याकडे अर्धा वर्ग १ जूनचा. बापाला तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे. ही खोड ज्याला ठाऊक आहे त्याला जुळणारी जोडी शोधत बसावं लागत नाही. तो सरळ १ जूनवर बोट ठेवतो. एमडी५मधली खोड अगदी अशीच नाही, त्याचे आकडे एका ठिकाणी गोळा होत नाहीत. पण शोधण्याऐवजी घडवायची वाट सापडली, एवढं साम्य आहे.

जोड्यांचं हे गणित मला पुस्तकातून कळलं नाही, दंड भरून कळलं. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या संस्थेची १ लाख २० हजार पानं आम्ही स्कॅन केली. फायलींची नावं लांब नकोत म्हणून मी हुशारी केली. हॅशची ३२ अक्षरं असतात, त्यातली पहिली आठच घेऊन फाईलला नाव दिलं. नाव आधीच असेल तर ती फाईल दुबार समजून प्रोग्रॅम सोडून द्यायचा. शेवटी मोजणी केली तर दोन पानं कमी. पोरं तीन दिवस गठ्ठे उलटत बसली. पानं गठ्ठ्यात होती, स्कॅनरमधून गेलेलीही होती, फक्त डिस्कवर नव्हती. मग रात्री कागदावर मांडलं. हॅशमध्ये प्रत्येक जागी १६पैकी एक अक्षर येतं, म्हणून आठ अक्षरांचे खण, म्हणजे शक्य असलेली वेगवेगळी नावं, होतात साधारण ४२९ कोटी. १ लाख २० हजार पानांच्या जोड्या होतात ७२० कोटी. ७२० भागिले ४२९, म्हणजे सरासरी पावणेदोन जोड्या आपटणारच. आमच्या दोन आपटल्या. हॅशचा यात काही दोष नव्हता, मी त्याचे पाय कापले होते. फोनवर ‘पहिली चार, शेवटची चार वाचा, जुळली ना, झालं’ म्हणणारेही हेच करत असतात.

पूर्ण १२८ बिटांचा एमडी५ घेतला तर खण होतात ३४ वर ३७ शून्यं इतके. तुमच्या ९४ हजार फायलींच्या जोड्या ४४२ कोटींच्या आसपास. योगायोगाने दोन आपटतील याची काळजी करू नका. डिस्क खराब झाली, कॉपी करताना वीज गेली, केबल सैल होती, तर एमडी५ आजही चोख पकडतो. पहिल्या भीतीचं उत्तर एवढंच.

उरते मुद्दाम करणाऱ्याची गोष्ट. एमडी५ रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१मध्ये घडवलं. १९९६मध्येच हान्स डॉबर्टिन यांनी त्याच्या आतल्या यंत्रात खोट दाखवली होती, पण बाहेरून सगळं ठीक दिसत होतं म्हणून फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २००४च्या ऑगस्टमध्ये वांग शिआओयून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळे मजकूर आणि दोघांचा एकच एमडी५ असं सरळ संशोधकांच्या सभेत मांडलं. तेव्हा त्याला मोठं मशीन आणि तासभर लागत होता. दोन वर्षांत व्लास्टिमिल क्लिमा यांनी तेच साध्या संगणकावर मिनिटभरावर आणलं. आज तुमच्या ऑफिसातला जुना डबासुद्धा ते करेल.

हे होतं कसं? शाळेतली बेरीज आठवा. एका घरातला हातचा पुढच्या घरात जातो. एमडी५, शा-१ आणि त्यानंतरची शा-२५६, या सगळ्या पद्धतींचं असंच आहे. फाईलचे ६४-६४ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आधीच्या हातच्यात मिसळून नवा हातचा काढायचा, आणि शेवटी उरलेला हातचा म्हणजे हॅश. वांग यांनी काय केलं, तर दोन-दोन तुकड्यांचे दोन गठ्ठे असे घडवले की त्यांच्यात मोजके बिट वेगळे, पण बाहेर पडणारा हातचा एकच. आणि एकदा का हातचा जुळला, की त्यापुढे दोन्हीकडे सारखाच मजकूर कितीही लावा, शेवटपर्यंत जुळलेलाच राहतो.

माझ्या मते यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही शेपटीची आहे. लोक म्हणतात, गठ्ठे तर निरर्थक कचरा असतात, त्याने माझं रजिस्टर कसं बदलेल? असं बदलेल. फायलीत दोन्ही चित्रं आधीच भरून ठेवायची, एक खऱ्या नोंदीचं, एक खोट्या. मधल्या कचऱ्यातला एखादा बिट ठरवतो की वाचणाऱ्या प्रोग्रॅमने कोणत्या चित्रावर उडी मारायची. पीडीएफ आणि जेपीईजीमध्ये हे जमतं, कारण ‘पुढचा एवढा भाग वाचू नको’ असं सांगायची सोय त्यांच्यात असते. कचरा डोळ्याला दिसतच नाही. २००७मध्ये मार्क स्टीव्हन्स, आर्येन लेन्स्ट्रा आणि बेन दि वेगर यांनी याच्याही पुढे मजल मारली. दोन फायलींची सुरुवात पूर्ण वेगळी असली तरी मधे गठ्ठे घालून हातचा एकत्र आणायचा. २००८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये काही संशोधकांनी याच वाटेने खेळायचे दोनशेच्या वर प्लेस्टेशन जुंपून, ब्राउझर डोळे मिटून मानतील असं खोटं प्रमाणपत्र बनवून दाखवलं. आणि २०१२मध्ये फ्लेम नावाचा हेरगिरीचा व्हायरस सापडला, त्याने मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही अशाच कोलिजनवर मिळवलेली होती.

या सगळ्या उदाहरणांत सारखं काय आहे? दोन्ही फायली घडवणारा एकच आहे आणि दोन्ही त्याने *आधी* घडवल्या आहेत. दुसऱ्याने बनवलेली, आधीच हॅश काढून ठेवलेली फाईल घेऊन तिची जुळी बहीण काढणं हे दुसरं कुलूप, आणि ते अजून शाबूत आहे. म्हणून तुमची दुसरी भीती, चार वर्षांनी कुणी तरी २१२ नंबरचं पान बदलेल, तिला एमडी५ आजही पुरतो. बदललेल्या पानाचा हॅश यादीशी जुळणार नाही. अर्थात यादीच बदलली तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे येतोच.

तिसरी भीती, खुद्द स्कॅन करणाऱ्याची. इथे तुमचा भाचा बरोबर आहे. ठेकेदाराच्या माणसाने ठरवलं असतं तर एखाद्या पानाच्या दोन आवृत्त्या एकाच एमडी५च्या करून, खरी तुम्हाला दिली असती आणि खोटी खिशात ठेवली असती. पुढे संधी साधून डिस्कवरची फाईल बदलली, तर यादी ‘सगळं बरोबर आहे’ असंच म्हणेल. जुन्या रजिस्टरातल्या जातीच्या रकान्यावर आणि जन्मतारखेवर आज किती जणांचं काय काय अडून आहे, हे मी परभणीच्या माणसाला सांगायला नको. तरीही माझा अनुभव विचाराल तर असं कुणी केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. फसवणारा माणूस इतके कष्ट घेत नाही. तो सरळ डिस्क बदलतो, आणि डिस्कवरच ठेवलेली यादी सोबत बदलतो.

आणि पन्नासातल्या चाळीस ठिकाणी यादी डिस्कवरच असते. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगायची. तुमच्या मजकुरावरून वाटतं की तुमचीही तिथेच आहे. एमडी५पेक्षा मला हे जास्त खटकलं.

मग करायचं काय? स्कॅनिंग परत करायची गरज नाही. आधी आहे त्या एमडी५ यादीशी दोन्ही डिस्का जुळवून घ्या, म्हणजे मिळाल्यापासून काही बिघडलं नाही एवढं तरी कळेल. मग दोनेकशे पानं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि मूळ रजिस्टर शेजारी उघडून डोळ्यांनी ताडून बघा. त्यात ज्या नोंदींवर सध्या लोकांचे अर्ज चालू आहेत ती पानं मुद्दाम घ्या. कपाटात मूळ रजिस्टर आहे तोवर तेच खरं प्रमाण. वाळवीने खाल्लं असेल किंवा स्कॅन झालं म्हणून कुणी रद्दीत घातलं असेल, तर माझं उत्तर बदलतं. मग सगळ्याच फायली कोलिजन ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. मार्क स्टीव्हन्स यांनीच २०१३मध्ये दाखवलं की अशा घडवलेल्या फायलीत खुणा राहतात आणि जुळी बहीण हातात नसतानाही, एकाच फायलीवरून त्या पकडता येतात. तसा प्रोग्रॅम फुकट मिळतो.

हे झालं की सगळ्या फायलींचा शा-२५६ काढा. शा-२५६वर आजवर कुणाला कोलिजन काढता आलेलं नाही. वेळेची भीती नको. संगणक गणितात अडकत नाही, डिस्क वाचण्यात अडकतो. एक दुपार जाईल, फक्त यूपीएसवर लावा, भारनियमनाच्या वेळेत सुरू करू नका. विंडोजवर पॉवरशेलची हॅश काढायची आज्ञा आपणहून शा-२५६च देते. विंडोजमधलीच दुसरी आज्ञा, सर्टयुटिल, वापरलीत तर मात्र पद्धतीचं नाव स्पष्ट लिहा, न लिहिल्यास ती गुपचूप शा-१ देते. मी स्वतः एकदा महिनाभराचं काम असं शा-१मध्ये करून बसलो होतो. अक्षरं मोजली तेव्हा कळलं. एमडी५ची ३२, शा-१ची ४०, शा-२५६ची ६४.

आता या नव्या यादीच्या फाईलचाच शा-२५६ काढा. ती ६४ अक्षरं कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या प्रोसिडिंगमध्ये हाताने लिहा, तारखेसह, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने. एवढी एक ओळ बुकात असली की यादी कुणाला बदलता येत नाही आणि यादीमुळे फायली बदलता येत नाहीत. एक लक्षात ठेवा, नवा हॅश आजपासूनची साक्ष देतो. स्कॅनिंग झालं त्या दिवसापासून आजपर्यंत काय घडलं ते त्याला ठाऊक नाही. म्हणून जुनी यादी फाडू नका, तीही फायलीला लावून ठेवा.

ठेकेदाराची ‘एमडी५ आणि शा-१ दोन्ही ठेवा’ ही सूचना घेऊ नका. शा-१विरुद्ध कागदावरचा मार्ग २००५मध्येच वांग यांच्याच गटाने दाखवला होता. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकाच शा-१च्या दोन पीडीएफ जगापुढे ठेवल्या. त्यासाठी एका प्रोसेसरची ६,५०० वर्षं आणि एका ग्राफिक्स कार्डची ११० वर्षं, एवढी मेहनत हजारो मशिनांवर वाटून केली होती. त्याच आठवड्यात वेबकिट या ब्राउझरच्या इंजिनावर काम करणाऱ्या मंडळींनी तपासणीसाठी म्हणून त्या दोन पीडीएफ आपल्या साठ्यात टाकल्या आणि साठाच बंद पडला, कारण त्यांची प्रणाली फायली शा-१वरून ओळखत होती. २०२०मध्ये गाएतां ल्यूरां आणि तोमा पेरां यांनी वेगळ्या सुरुवातीचं कोलिजनही शा-१वर करून दाखवलं, आणि भाड्याच्या मशिनांवर ते साधारण ४५ हजार डॉलरांत जमेल असा अंदाज मांडला. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या निस्ट या सरकारी संस्थेने शा-१ला ३१ डिसेंबर २०३०पर्यंत निरोप द्यायचं जाहीर केलं आहे. ‘दोन्ही मिळून तर २८८ बिट झाले ना’ असंही कुणी म्हणेल. अंत्वान जू यांनी २००४मध्येच दाखवलं की असे दोन हॅश शेजारी ठेवल्याने कोलिजनविरुद्धची ताकद त्यातल्या तगड्या हॅशपेक्षा फारशी वाढत नाही. दोन म्हाताऱ्या बैलांना जुंपून ट्रॅक्टर होत नाही.

कोर्टाचं म्हणाल तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३सोबत जो प्रमाणपत्राचा नमुना आहे, त्यात हॅशसाठी शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे रकाने छापलेले आहेत. रकाना आहे म्हणून एमडी५ सुरक्षित ठरत नाही, आणि एमडी५ लिहिलं म्हणून कागद आपोआप फेकलाही जात नाही. शा-२५६वर खूण करा, वाद घालायला जागाच ठेवू नका. बाकी काय टिकेल, काय नाही, ते तुमच्या वकिलांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

भाच्याने जाता जाता असंही म्हटलं म्हणे की संस्थेच्या फीच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड एमडी५मध्ये आहेत. ते लगेच बदला, पण कारण कोलिजन नाही. एमडी५ फार वेगवान आहे, साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज करून बघतं. शा-२५६ही तसंच वेगवान, म्हणून नुसतं तेही तिथे घालू नका. पासवर्डसाठी मुद्दाम संथ बनवलेल्या पद्धती असतात, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२. सॉफ्टवेअरवाल्याला ही दोन नावं सांगा. त्याने ‘म्हणजे काय’ असं विचारलं तर सॉफ्टवेअरवाला बदला.

आणखी एक, हे आजच करा. एमडी५ची यादी उघडा आणि ‘डी४१डी८सीडी९’ने सुरू होणारा हॅश शोधा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तो रिकाम्या फाईलचा हॅश आहे, शून्य बाइटच्या. स्कॅनर मधेच अडकला किंवा डिस्क भरली की नाव तयार होतं पण आत काहीच नसतं, आणि यादी ते इमानदारीने ‘बरोबर’ म्हणून दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या यादीत बहुतेक वेळा पाच-दहा तरी निघतात. तुमच्या यादीत जेवढे निघतील तेवढी पानं मात्र ठेकेदाराकडून परत स्कॅन करून घ्या, आणि तेवढी होईपर्यंत शेवटचं बिल रोखून ठेवा.